उघडे कान

बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी माझ्या हातून सुटली, तेव्हा माझे कान उघडे होते. आमच्या घराने या दोन गोष्टींची गाठ त्याच दिवशी मारली आणि पुढचे सहा महिने ती कुणी सोडली नाही. मीसुद्धा.

एप्रिलचा शेवट होता. मोताळ्यात त्या दिवसांत भिंतीला हात लावला तरी पोळतो. माझी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं, आणि सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, काही कमी केलं नव्हतं. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, कानात कापसाचे बोळे आणि वरून डोक्याभोवती घट्ट आवळलेलं सुती फडकं. बाळंतिणीच्या कानात वारं शिरतं म्हणून. दोन दिवस माझं डोकं ठणकत होतं. त्यात बारशाला बायका जमल्या, खोलीत श्वास घ्यायला जागा उरली नाही, आणि कानामागच्या पुरळाने मी अगदी जेरीला आले. फडकं सोडलं, बोळे काढले आणि सगळं उशीखाली सरकवलं.

तासाभराने नणंदेने, काजलताईंनी, बाळाच्या कानात 'गार्गी' म्हटलं. मी हसत दोरी ओढायला गेले, आणि दोरीवरची बोटं माझी राहिली नाहीत. आधी दोरी गेली, मग उजवा पाय गेला. मग तोंडातले शब्द.

"कान उघडे आहेत इचे!" कुणीतरी ओरडलं. बेशुद्ध होण्याआधी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं सांगितलं. चौदा रात्री सासूबाई माझ्या खाटेखाली चटईवर बाळाला घेऊन झोपल्या. बोलणं परत आलं, पाय परत आला. उजवा हात मात्र मूठ वळून बसला. मूठ आणखी आवळता यायची, पण उघडता येत नव्हती. डाव्या हाताने एकेक बोट उलगडायचं, आणि सोडलं की ते परत आत.

घरी आल्यावर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, फडकं पुन्हा काढलं. आता ते बाळंतिणीचं राहिलं नव्हतं.

"ज्या वाटेनं वारं शिरलं त्या वाटेनं पुन्हा नाई शिरलं पाह्यजे," त्या म्हणाल्या. रोज सकाळ-संध्याकाळ लसूण घालून कडवलेलं तिळाचं तेल कोमट करून माझ्या कानात आणि कानाच्या पाळीवर चोळायच्या, बोळा घालायच्या, बांधायच्या. मी मान पुढे करायचे. एकदा ऐकलं नव्हतं, त्याचा निकाल माझ्या मांडीवर मुठीच्या रूपात पडलेला होता. माझे कान मी त्यांच्या स्वाधीन करून टाकले.

पोळ्यानंतर आठ-दहा दिवसांनी गार्गी पडली.

पाच महिन्यांची पोर पहिल्यांदाच पालथी होऊन पलंगाच्या कडेकडे सरकली. मी डाव्या हाताने दुपट्याची घडी घालत होते. उजवा जवळ होता. तोच पुढे केला. मूठ तिच्या पाठीला लागली, पण धरायला बोटं उघडली नाहीत, उलट धक्काच बसला. खाली गोधडी होती म्हणून कपाळावरच्या एका टेंगळावर निभावलं. पण मी त्यानंतर आठवडाभर झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास मोजत बसायचे. मोजताना चुकले की पहिल्यापासून.

जळगाव जामोदहून काजलताईंचा फोन आला. त्यांना दोन मुलगे, दोघंही शाळेत जाणारे, मोठं घर.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पोरीले मी नेतो इकडं. तुम्ही बऱ्या झाल्या की आणून देतो."

"कधी बरी होईन, ते कुणी सांगितलंय?"

"तेच म्हणतो ना मी."

हे, म्हणजे गजेंद्र, बाजूला उभे होते. त्यांचं बसस्टँडजवळ बी-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईकाशी तासभर बोलतील, घरात वाद आला की हातातल्या मोबाइलला चार्जिंग आहे का ते बघतील. त्यांनी तेच केलं. आणि मी घाबरून, केवळ वेळ मिळावा म्हणून बोलून गेले, "भाऊबीजेपर्यंत थांबा, ताई. तोवर हात उघडला नाही, तर घेऊन जा."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी काय बोलले आहे.

दुसऱ्या दिवशी राजूर घाट चढून मी बुलढाण्याला श्रद्धाताईंकडे गेले. त्या फिजिओथेरपिस्ट. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांना सगळं सांगितलं, पैजेसकट. त्यांनी कपाटातून मोबाइलएवढी एक डबी काढली. तिला एक वायर आणि वायरीच्या टोकाला क्लिप.

"हे कानात बसतं. डाव्या. आत नाही, बाहेरच्या या खळग्यात. इथून एक नस थेट मेंदूकडे जाते. तुम्ही हात उघडायचा प्रयत्न केला की त्याच क्षणी बटण दाबायचं. आधी नाही, नंतर नाही. मेंदूला जणू सांगायचं, हे लक्षात ठेव."

"सुई?"

"सुई नाही, चिरा नाही. मुंग्या आल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. आणि चारुलता, हमखास असं मी काही म्हणत नाही. यावर अभ्यास चालू आहेत, काहींना फरक पडतो. व्यायाम तर करायचाच आहे, हे त्याच्या जोडीला. सहा आठवडे डबी तुमच्याकडे. नंतर दुसऱ्या पेशंटचा नंबर आहे."

सहा आठवडे म्हणजे भाऊबीज. मी मोजलंच होतं.

घरी रोज दोनशे वेळा. शेतातला वेचलेला कापूस टोपलीत, बाजूला रिकामं सूप. बोंडाएवढा पुंजका मुठीत खोचून धरायचा आणि सुपात सोडायचा. धरणं जमायचं, सोडणं जमत नव्हतं. डाव्या हाताने बटण, उजव्याने कापूस. गार्गी पाळण्यातून बघायची आणि मध्येच खुदकन हसायची, बहुधा माझ्या तोंडाकडे बघून. आई दारातून बघायच्या, हसायच्या नाहीत.

"कानात वायर घालते अन् हात उघडते म्हणते," त्या शेजारणीला म्हणाल्या. "उद्या नाकात घालीन अन् पाय पळन."

एक आठवडा, दोन, तीन. सुपात शून्य. डबीवरचा करंटचा आकडा मी वाढवत वाढवत बारावर नेला. मुंग्या येत होत्या का? रोज स्वतःला विचारायचे आणि रोज 'येत असाव्यात' असं उत्तर द्यायचे. नाही म्हटलं असतं तर डबी गेली असती.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी श्रद्धाताईंनी तपासायला बोलावलं. त्यांनी माझं फडकं सोडलं, बोळा काढला, ओल्या बोळ्याने कान पुसला, कोरडा केला, क्लिप बसवली आणि आकडा तीनवर ठेवला.

मी ओरडलेच. मुंगी नाही, मुंगळा.

"घरी कितीवर ठेवता?"

"बारावर."

त्यांनी कचऱ्यात टाकलेला बोळा उचलून नाकाशी नेला, क्लिपच्या धातूच्या ठिपक्यावर नख फिरवलं. नखावर पिवळा थर आला.

"लसूण," त्या म्हणाल्या. "बाई, तुम्ही कान फोडणी घालून आणलाय! तेलातून करंट जाईल का? शिकलात काय तुम्ही?"

"बी.एस्सी."

"विषय?"

मला उत्तर द्यायची लाज वाटली. "भौतिकशास्त्र."

आम्ही दोघी हसलो. आधी त्या, मग मी, मग मी हसता हसता रडायला लागले. तेल वीजरोधक असतं हे मी परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे गुणही मिळाले होते. आणि तीन आठवडे तेलात माखलेल्या कानाला क्लिप लावून मी नशिबाला बोल लावत बसले होते. तेल काय, फडकं काय, ते मला दिसतच नव्हतं. ते माझ्या शिक्षेचा भाग होतं, आणि शिक्षेला कुणी तपासून बघत नाही.

"तीन आठवडे उरलेत," श्रद्धाताई म्हणाल्या. "घरी जाऊन पहिलं काय करणार?"

"कान धुणार."

"त्याच्या आधी?"

"भांडणार."

"हां."

मी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. संध्याकाळच्या तेलाचा.

"आई, आजपासून तेल नको. फडकंही नको."

"काऊन?"

"तेलामुळे मशीन चाललंच नाही. तीन आठवडे फुकट गेले."

"मशीन!" त्यांनी लसणाची कुडी ताटात आपटली. "ज्या वाटेनं वारं शिरलं तेच वाट उघडी ठेवते? एकदा तोंड पाह्यलं ना त्याचं? मले अकोल्याचे दिवस आठवतात वो. तुले आठवत नाई, तू पडून होती."

"वारं नव्हतं, आई. गुठळी होती."

"मंग गुठळी कशानं झाली?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. कपाटात, साड्यांखाली, दवाखान्याच्या कागदात. पण चटईवरच्या त्या चौदा रात्रीही होत्या. "माहीत नाही," मी म्हणाले, आणि न्हाणीत जाऊन साबणाने दोन्ही कान धुतले. लसणाचा वास तीन दिवस गेला नाही.

रात्री जेवताना ह्यांनी मध्यममार्ग काढला. "आईचं मन राख ना. रात्री लावू दे तेल, सकाळी पुसून टाकत जा."

"तुमच्या दुकानातलं बियाणं कुणी नेलं, पेरलं आणि रोज त्यावर रॉकेल ओतलं, आणि मग उगवत नाही म्हणून तुमच्याकडे आला, तर त्याला काय सांगाल?"

"दुसऱ्या दुकानात जा म्हणीन," ते म्हणाले आणि त्यांनाच हसू आलं. "बरं. नको लावू."

"अजून एक. पलंग काढा. गादी खाली टाका. आजच."

"आज?"

"पोर पडली ती पलंगावरून. मूठ उघडायची तेव्हा उघडेल, पलंग तर आज उचलता येतो ना?"

पलंग त्याच रात्री शेजाऱ्याच्या मदतीने मागच्या पडवीत गेला. आईंनी माझ्याशी बोलणं बंद केलं. "गजा, तिले विचार, जेवते का." मी समोर बसलेली असायचे. "सांगा, जेवते म्हणून." असं आमचं चालायचं.

आता तीनवर. कधी चारवर. क्लिप बसवली की कानाच्या खळग्यात बारीक झिणझिण, आणि मी सगळा जीव बोटांत आणायचे. चौथ्या दिवशी करंगळी हलली. मी कुणाला सांगितलं नाही. भासच असेल, म्हणून संध्याकाळपर्यंत पन्नास वेळा बघितलं. पन्नासांत सहा वेळा हलली. मग करंगळीशेजारचं बोट. दहाव्या दिवशी मुठीतला कापूस सुपात पडला, माझ्या डाव्या हाताने न ओढता. पडला म्हणजे काय, चिकटून लोंबकळला आणि मग गळला. पण गळला. त्या दिवशी दोन. नंतर सात. मग एक दिवस पुन्हा शून्य, आणि मी सूप भिंतीवर फेकलं. गार्गी दचकून रडली, तिला डाव्या खांद्यावर घेऊन मी त्या खोलीत फेऱ्या मारल्या आणि पुन्हा खाली बसले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. माझ्या टोपलीतल्या कापसाला आधी बोंडाची टोचरी, वाळलेली साल असायची. आता नसायची. कुणीतरी रोज सकाळी निवडून ठेवत होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बंद झालं असतं.

भाऊबीजेला काजलताई सकाळच्याच बसने आल्या, नांदुऱ्यावरून. हातात दोन थैल्या. एकीत फराळ, दुसरी रिकामी. रिकामी गार्गीच्या कपड्यांसाठी, हे मी ओळखलं. त्यांनी ह्यांना ओवाळलं, साडी घेतली, जेवण झालं, आणि मग गार्गीला मांडीवर घेऊन त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहिनी, दाखवा बरं हात."

मी हात पुढे केला. घरात दहा जणांची नजर लागल्यासारखं वाटलं, होते आम्ही चौघेच. उघड, उघड. काल वीस झाले होते. आज मूठ अशी आवळली की नखं तळव्यात रुतली.

"मशीन लावून दाखवते," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला भिकाऱ्यासारखा वाटला.

"वहिनी, असं नका करू. तुम्हीच म्हटलं होतं ना, भाऊबीजेपर्यंत?" त्या वाईट बाई नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी काय दुश्मन हाय का तुमची? लेकरू जपाले नेतो."

"म्हटलं होतं," मी म्हणाले. "चुकलं माझं. हाताची परीक्षा घ्यायची तर घ्या, रोज घ्या. पण पैजेवर मी मुलगी लावली, तिला लावायचा मला हक्कच नव्हता. हात उघडला नाही. उद्या उघडेल, नाहीतर नाही उघडणार. गार्गी जाणार नाही."

"अन् पुन्हा पडली त?"

"गादीवरून जमिनीवर पडेल. चार बोटं. तेवढ्या उंचीवरून तुमचे दोघंही पडलेच असतील."

काजलताईंना हे लागलं. "बोलायले लय येते तुम्हाले. आईचं ऐकलं असतं त हे दिवस आले असते का? आताही पाहा, दिवाळीची थंडी अन् कान उघडे!"

मी उठले. कपाट डाव्या हाताने उघडलं, साड्यांखालचा कागद काढला आणि ह्यांच्या हातात दिला.

"वाचा. मोठ्यानं. मराठीत."

त्यांनी तो कागद औषधांपुरता अनेकदा पाहिला होता. आता पहिल्यांदा वरपासून वाचला. अडखळत. "मेंदूच्या शिरेत गुठळी... बाळंतपणानंतर... शरीरात पाण्याची मोठी कमतरता..." ते थांबले.

"कान कुठं लिहिलाय का, तेवढं बघा."

"नाही."

बाहेर कुणाच्या तरी उरलेल्या लडीतला एक फटाका वाजला, गार्गी दचकली.

"पाणी म्या तोडलं होतं," आई म्हणाल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज इतका लहान ऐकला. "बाळंतिणीचं पोट सुटते म्हणून. दिवसाले दोन पेले."

"तुमचं कुणी तोडलं होतं?"

"माह्या सासूनं. मले एकच देत होती." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुले कवापासून माहीत व्हतं?"

"अकोल्यापासून. तुम्ही चटईवर झोपत होतात, म्हणून बोलले नाही. आजही तुम्हाला दोष द्यायला काढलं नाही, आई. डॉक्टरही म्हणाले, एकाच कारणाने होत नाही. पण कानाचा दोष इथून पुढे मी घेणार नाही. कुणाकडूनच नाही."

आई लेकीकडे वळल्या.

"काजल, तुही थैली आवर. तीनची बस चुकन."

"आई, पोरगी..."

"पोरगीची माय बसली हाय ना समोर. दे तिच्यापाशी."

काजलताईंनी गार्गी माझ्या डाव्या खांद्यावर ठेवली. जाताना रिकाम्या थैलीत त्यांनी आमच्याकडच्या चकल्या भरून नेल्या. दारात म्हणाल्या, "हात उघडला की फोन करा." मी म्हणाले, "नाही उघडला तरी करते."

संध्याकाळी गारवा पडला. गार्गी झोपली होती. डबी श्रद्धाताईंना परत द्यायला अजून दोन दिवस होते, पुढे मग नुसता व्यायाम. मी टोपली ओढून बसले होते, तेवढ्यात आई आल्या. हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला, आणि खांद्यावर ते फडकं.

मी मान मागे घेतली.

"तुले नाई बांधत," त्या म्हणाल्या आणि ते फडकं स्वतःच्याच डोक्याभोवती गुंडाळून त्यांनी कानाशी गाठ मारली. "मले लागते थंडी." मग पेला माझ्या डाव्या बाजूला ठेवला.

मी तो उचलला आणि उजव्या बाजूला ठेवला.

"सांडशीन."

"सांडलं तर पुसू."

त्यांनी 'हट्टी कुठली' अशा नजरेने पाहिलं, पण गुडघ्यांवर हात टेकत माझ्यासमोर खाली बसल्या. मी कान पुसला, कोरडा केला, क्लिप बसवली. डबी त्यांनीच उचलली. बटणावर अंगठा ठेवला, लसणाने पिवळा पडलेला.

"कवा दाबाचं?"

"मी सांगते. आधी नाही, नंतर नाही."

मूठ पेल्याजवळ नेली. करंगळी सुटली. शेजारचं बोट सुटलं. मधलं अडून बसलं.

"आता?" आईंनी विचारलं.

"थांबा."

"तहान लागली असन वो तुले."

"लागलीय. थांबा." मी मधल्या बोटाकडे बघत राहिले. "आता."